फेरबदल केलेल्या टर्बो इंजिनातील स्पार्क प्लग

फेरबदल केलेल्या टर्बो इंजिनातील स्पार्क प्लग हा कारखान्याने बसवलेल्या मूळ प्लगपेक्षा दोन बाबतींत वेगळा असावा लागतो. एक, त्याची उष्णता श्रेणी, म्हणजे ज्वलनकक्षातील उष्णता बाहेर वाहून नेण्याची त्याची क्षमता. आणि दुसरी, त्याच्या दोन विद्युदग्रांमधील फट, जिला कार्यशाळेत 'गॅप' म्हणतात. टर्बोचार्जरचा दाब (बूस्ट) वाढवल्यास सिलिंडरमध्ये अधिक हवा व अधिक इंधन जळते, त्यामुळे उष्णता वाढते आणि ठिणगी पडण्याच्या क्षणी सिलिंडरमधील वायूची घनताही वाढते. वाढलेल्या उष्णतेला उत्तर उष्णता श्रेणीने द्यावयाचे असते, तर वाढलेल्या घनतेला फटीने. या दोन गोष्टींची गल्लत ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय.

उष्णता श्रेणी

स्पार्क प्लग 'गरम' किंवा 'थंड' असतो याचा ठिणगीच्या तापमानाशी संबंध नसतो. प्लगच्या मध्य विद्युदग्राभोवती ॲल्युमिना या पदार्थाचे पांढरे विसंवाहक आवरण असते. त्याचे टोक ज्वलनकक्षात उघडे असते. हे टोक लांब असेल तर त्यावर पडलेल्या उष्णतेला धातूच्या कवचापर्यंत पोहोचण्यास लांबचा मार्ग कापावा लागतो व टोक तापलेले राहते. असा प्लग गरम होय. टोक आखूड असेल तर उष्णता लवकर कवचात, तेथून आटे व बैठकीतून सिलिंडर हेडमध्ये आणि शेवटी शीतक पाण्यात जाते. असा प्लग थंड होय.

टोकाचे तापमान एका ठरावीक पट्ट्यात राहणे आवश्यक असते. सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या खाली काजळी जळून जात नाही, ती विसंवाहकावर साचते आणि विद्युतप्रवाह फट ओलांडण्याऐवजी काजळीच्या थरावरून कवचाकडे निसटतो. याला प्लग 'काळा पडणे' असे म्हणतात. वरच्या बाजूस सुमारे ८५० अंशांपर्यंत प्लग सुरक्षित मानला जातो. त्यापुढे तापमान चढत गेल्यास टोक स्वतःच निखाऱ्यासारखे पेटलेले राहते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवू लागते. या घटनेस पूर्वप्रज्वलन म्हणतात.

पूर्वप्रज्वलन आणि नॉकिंग (ठोके बसणे) यांत फरक करणे अत्यंत महत्त्वाचे आहे. नॉकिंगमध्ये ठिणगी योग्य वेळी पडलेली असते. ज्वाला पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबामुळे आपोआप भडकते. इंजिनावरील नॉक सेन्सर हा आवाज टिपतो आणि नियंत्रण संगणक (ईसीयू) ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन वाचवतो. पूर्वप्रज्वलनात मात्र ज्वलनाची वेळ ठिणगीच्या हातात उरलेलीच नसते. पिस्टन वर चढत असतानाच मिश्रण पेटते, त्याला वाढत्या दाबाविरुद्ध चढावे लागते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि पुढच्या फेरीत टोक आणखी तापते. ठिणगी मागे घेऊन हे चक्र थांबत नाही. पूर्ण भारावर चालणाऱ्या इंजिनात काही सेकंदांतच पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते. काहीशे रुपयांच्या प्लगची चुकीची श्रेणी संपूर्ण इंजिन निकामी करू शकते ती या मार्गाने.

अशा भीतीमुळे अनेक वाहनधारक गरजेपेक्षा दोन श्रेणी थंड प्लग बसवतात. तोही उपाय नव्हे. शर्यतीच्या मार्गावर सतत पूर्ण भाराने धावणाऱ्या गाडीत असा प्लग योग्य तापमानावर राहतो. पण कामावर जाण्या-येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या वाहतुकीत बराच वेळ मंद गतीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत तो कधीच स्वतःला स्वच्छ करण्याइतका तापत नाही. सकाळी इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, मंद गतीवर थरथर आणि इंधनाचा वाढता खप ही त्याची लक्षणे होत.

जपानमधील एनजीके या प्लग उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण मार्गदर्शनानुसार मूळ इंजिनाच्या शक्तीत ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडल्यास प्लग एक श्रेणी थंड घ्यावा. हा केवळ अंदाजाचा नियम आहे. इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ, सेवन हवेचे तापमान आणि इंटरकूलरची क्षमता यांवर प्रत्यक्ष गरज ठरते. चुकीच्या ट्यूनिंगमुळे मिश्रणात इंधन कमी पडत असेल किंवा ठिणगी फार लवकर पडत असेल, तर थंड प्लग तो दोष दुरुस्त करत नाही. फार तर काही काळ झाकतो. पेट्रोलच्या ऑक्टेन अंकाचेही तसेच आहे. भारतात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक पूर्वी ९१ होता. त्याहून अधिक ऑक्टेनसाठी लिहिलेला संगणकीय नकाशा (मॅप) या पेट्रोलवर चालवल्यास होणारे नॉकिंग प्लग बदलून जात नाही.

श्रेणी दर्शवणारे अंक वाचताना सावध असावे लागते, कारण निर्मात्यांच्या पद्धती परस्परविरुद्ध आहेत. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत अंक जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत अंक मोठा म्हणजे प्लग गरम. शिवाय जपानी कंपन्यांचे अंकही एकमेकांशी जुळत नाहीत: एनजीकेची ६ ही श्रेणी डेन्सोच्या २० शी, ७ ही २२ शी, ८ ही २४ शी आणि ९ ही २७ शी साधारणतः समकक्ष मानली जाते. एका कंपनीच्या प्लगवरून दुसऱ्या कंपनीच्या प्लगकडे जाताना केवळ अंक पाहून खरेदी केल्यास 'थंड' समजून 'गरम' प्लग घरी येण्याची शक्यता असते.

फट

दोन विद्युदग्रांमधील वायू भेदून ठिणगी पडण्यासाठी लागणारे व्होल्टेज हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिख पाशेन याने १८८९ मध्ये मांडलेला हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. टर्बोचा दाब वाढला की गुणाकारातील एक संख्या वाढते, आणि आवश्यक व्होल्टेज पूर्वीइतकेच ठेवायचे असेल तर दुसरी संख्या, म्हणजे फट, कमी करावी लागते. प्रत्यक्षात मूळ प्रज्वलन यंत्रणेत काही व्होल्टेज राखीव ठेवलेले असते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी फट निम्मी करावी लागत नाही.

टर्बो नसलेल्या अनेक इंजिनांत फट १.० ते १.१ मिलिमीटर असते. एनजीकेच्या ज्या प्लगच्या सांकेतांकाअखेर '११' हा अंक असतो, त्याची फट १.१ मिलिमीटर ठेवलेली असते. मध्यम फेरबदल केलेल्या टर्बो इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर आणि फार मोठ्या दाबावर चालणाऱ्या इंजिनांत ०.५५ ते ०.६५ मिलिमीटर ही मर्यादा प्रचलित आहे.

फट जास्त असल्याचे लक्षण ओळखणे तुलनेने सोपे असते. गाडी सावकाश चालवताना काहीच जाणवत नाही. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, टर्बोचा दाब शिखरावर पोहोचतो त्या गतीला, इंजिन ठसका लागल्यासारखे अडखळते. तेथे ठिणगी विझत असते. सातत्याने असे होऊ दिल्यास व्होल्टेज फटीऐवजी इग्निशन कॉइलच्या आतील विसंवाहकातून मार्ग शोधते आणि कॉइल निकामी होते. न जळलेले पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचेही नुकसान करते.

दुसऱ्या टोकाला, फट गरजेपेक्षा लहान ठेवल्यास ठिणगी कधीच विझत नाही, परंतु ती आखूड असल्यामुळे तिच्यापासून तयार होणारा ज्वालेचा पहिला गोळा लहान राहतो आणि जवळच्या थंड धातूला उष्णता देऊन कमकुवत होतो. परिणामी मंद गतीवर इंजिन असमान चालते. म्हणून अडखळणे बंद होईल इतपतच फट कमी करावी, त्याहून नाही.

विद्युदग्रांचे धातू

'तांब्याचा प्लग' हे नाव रूढ असले तरी फसवे आहे. अशा प्लगच्या मध्य विद्युदग्राचा केवळ गाभा तांब्याचा असतो; ठिणगी ज्या पृष्ठभागावर पडते तो निकेलच्या मिश्रधातूचा असतो. तांब्याचा गाभा प्लॅटिनम व इरिडियम प्लगमध्येही असतोच. निकेल १,४५५ अंशांवर, प्लॅटिनम सुमारे १,७६८ अंशांवर आणि इरिडियम सुमारे २,४४६ अंशांवर वितळते. म्हणूनच इरिडियमचे विद्युदग्र अतिशय बारीक ठेवता येते. डेन्सोच्या काही प्लगमध्ये ते ०.४ मिलिमीटर व्यासाचे, तर एनजीकेच्या आयएक्स मालिकेत ०.६ मिलिमीटर व्यासाचे असते. बारीक टोकाभोवती विद्युतक्षेत्र एकवटते, त्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. वाढवलेल्या दाबाच्या इंजिनात हा खरा फायदा आहे.

तरीही अनेक ट्यूनर निकेलचे प्लगच पसंत करतात. त्यामागे कारण शक्तीपेक्षा खर्चाचे असते: ट्यूनिंग चालू असताना श्रेणी बदलून पाहावी लागते, प्लग वारंवार काढून तपासावे लागतात आणि काळे पडल्यास फेकून द्यावे लागतात. स्वस्त प्लग फेकताना कोणी हात आखडता घेत नाही. नकाशा स्थिर झाल्यावर त्याच श्रेणीचा इरिडियम प्लग बसवणे हा व्यवहार्य क्रम होय.

प्लगमध्ये साधारण ५ किलोओहमचा अंतर्गत रोधक असणे आधुनिक गाडीत आवश्यक असते. रोधक नसलेले शर्यतीचे प्लग ईसीयू व सेन्सरांच्या संकेतांत व्यत्यय आणू शकतात. प्लगची आट्यांची लांबी मूळ प्लगइतकीच हवी: लांब प्लगला पिस्टन धडकू शकतो, तर आखूड प्लगमुळे हेडमधील उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात.

उदाहरण: फोक्सवॅगन समूहाचे १.८ टी इंजिन

फोक्सवॅगन समूहाचे १,७८१ घनसेंटिमीटर क्षमतेचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले '१.८ टी' इंजिन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ऑडी ए४, ऑडी टीटी, फोक्सवॅगन गोल्फ व पसाट, सेआत लेऑन आणि स्कोडा ऑक्टेव्हिया अशा अनेक गाड्यांत वापरले गेले. त्याच्या आवृत्त्या १५० ते २२५ अश्वशक्ती आणि त्याहूनही अधिक शक्तीच्या होत्या. भारतात हे इंजिन ऑक्टेव्हिया आरएसमुळे हौशी चालकांच्या परिचयाचे झाले. ऑक्टेव्हियाची जोडणी औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात होत असे.

या इंजिनाचा एनजीकेचा प्रचलित प्लग पीएफआर६क्यू हा आहे: प्लॅटिनमचा, ६ श्रेणीचा. फेरबदल करणाऱ्यांत मात्र बीकेआर७ई हा निकेलचा, ७ श्रेणीचा प्लग ०.७ मिलिमीटर फटीसह बसवण्याची पद्धत जगभर पडली. बीकेआर७ई या सांकेतांकात 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, 'के' म्हणजे १६ मिलिमीटर षट्कोन, 'आर' म्हणजे रोधक, ७ ही श्रेणी आणि 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. याच श्रेणीचे इरिडियम पर्याय म्हणजे एनजीकेचा बीकेआर७ईआयएक्स आणि डेन्सोचा आयके२२.

ही पद्धत कितपत योग्य आहे, हे फेरबदलाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. १५० अश्वशक्तीच्या आवृत्तीत मूळ लहान टर्बो कायम ठेवून केवळ ईसीयूचा नकाशा बदलल्यास शक्ती साधारणतः १९० अश्वशक्तींच्या आसपास जाते. वर दिलेल्या ७५ ते १०० अश्वशक्तींच्या नियमाने पाहता ही वाढ पूर्ण एक श्रेणी थंड जाण्याइतकी नाही. शहरात चालणाऱ्या अशा गाडीत ६ श्रेणीचा प्लग ठेवून फट ०.७ मिलिमीटर करणे पुरेसे ठरते. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि वाढीव इंटरकूलर बसवून शक्ती २२० ते २५० अश्वशक्तींपर्यंत नेल्यास ७ श्रेणी योग्य, आणि त्याहून बरेच पुढे गेल्यास ८ श्रेणीचा विचार करावा लागतो. प्रत्येक वेळी ७ श्रेणीचाच प्लग बसवण्याचा प्रघात हा अंशतः 'थंड म्हणजे सुरक्षित' या समजुतीचा परिणाम आहे. ही निवड वाईट नाही, परंतु सर्वत्र आवश्यकही नाही.

या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसवलेली असते. २००० नंतरच्या काही वर्षांत या कॉइली मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या आणि कंपनीला अमेरिकेत त्या बदलून द्याव्या लागल्या. त्यामुळे एका सिलिंडरमधील मिसफायरचा दोष प्लगवर टाकण्यापूर्वी त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहतात. दोष कॉइलबरोबर सरकला तर प्लग निर्दोष असतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि हे कलम इंजिनाच्या फेरबदलालाही लागू होते.

बदलण्याची पद्धत

ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधील प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढतात. इंजिन गरम असताना जोर लावल्यास हेडचे आटे प्लगबरोबर उखडून येऊ शकतात. इंजिनावरील आवरण काढून कॉइलच्या जोडण्या सोडवतात. वीस वर्षांच्या उष्णतेने त्यांच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात व घाई केल्यास तुटतात. कॉइल सरळ वर ओढून काढावी. वाकडी ओढल्यास तिचा रबरी भाग फाटतो. त्यानंतर, प्लग सैल करण्यापूर्वी, प्लगच्या खोलगट विहिरीत दाबाची हवा मारून तेथील वाळू व धूळ उडवून देतात. हा टप्पा वगळल्यास ती घाण थेट सिलिंडरमध्ये पडते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवतात, कारण त्यांच्या रंगातील फरकच पुढील निदानाचा आधार असतो. नव्या प्लगची फट पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी मोजून पाहतात. त्यासाठी तारेचे गेज वापरतात. नाण्याच्या आकाराचे उतरते गेज फटीत सरकवून ती रुंद करण्याची सवय निकेलच्या प्लगला फारशी घातक नसली तरी इरिडियमचे बारीक टोक त्याने तुटते. फट बदलताना फक्त बाहेरील वाकडी पट्टी वाकवावी, मध्य विद्युदग्राला स्पर्श करू नये. जमिनीवर पडलेला प्लग वापरू नये. विसंवाहकाला गेलेला केसाएवढा तडा बाहेरून दिसत नाही.

प्लग बसवताना तो प्रथम हातानेच फिरवतात. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून तो आट्यांत लावणे ही जुन्या मिस्त्रींची युक्ती अजूनही उत्तम आहे: आटे तिरके बसू लागल्यास नळी घसरते, पाना मात्र घसरत नाही आणि आटे कापत जातो. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने केली जाते. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारणतः २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात, १.८ टी इंजिनासाठी हा आकडा ३० न्यूटन-मीटर आहे. १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसल्यास वॉशर टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा.

आवळणी हा उष्णता श्रेणीचाच भाग आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. टोकावरील बरीचशी उष्णता आटे आणि बैठकीतूनच हेडमध्ये जाते. सैल राहिलेल्या प्लगचा हा मार्ग तुटतो आणि ७ श्रेणीचा प्लगही गरम प्लगासारखा वागू लागतो. याउलट, आट्यांना ग्रीस किंवा जाम न होण्याचे द्रव्य लावल्यास घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कवर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि त्याचे कवच ताणले जाते. एनजीकेच्या प्लगच्या आट्यांना मुलामा दिलेला असल्यामुळे कंपनी असे द्रव्य लावू नये असे सांगते. लावायचेच असल्यास टॉर्क सुमारे ३० टक्क्यांनी कमी करावा लागतो.

जुन्या प्लगचे निरीक्षण

विसंवाहकाचे टोक फिकट करडे किंवा बदामी असल्यास श्रेणी व मिश्रण योग्य असल्याचे मानतात. कोरडी काळी काजळी ही जास्त इंधनाची किंवा अतिथंड प्लगची खूण होय. तेलकट काळा थर पिस्टन रिंग, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बोमधून येणाऱ्या तेलाकडे निर्देश करतो. पांढरेफटक, फोड आलेले टोक अतिउष्णतेचे लक्षण असते. ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये फेरोसीन असलेले द्रव्य टाकले जात असल्यास टोकावर विटकरी रंगाचा थर चढतो व तो इतर सर्व खुणा झाकून टाकतो.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे विसंवाहकावर चमकणारे ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण. ते पिस्टनच्या माथ्यावरून उडून आलेले असतात आणि इंजिनात तीव्र नॉकिंग होत असल्याचे सांगतात. असे कण दिसल्यास नवा प्लग बसवून गाडी चालवत राहणे धोक्याचे असते. टर्बोचा दाब कमी करून नकाशा तपासून घ्यावा लागतो. हे निरीक्षण करताना प्लग कोणत्या परिस्थितीतून आला आहे हेही पाहावे लागते. पूर्ण भारावर धावल्यानंतर लगेच इंजिन बंद करून काढलेला प्लग त्या भाराची माहिती देतो. वाहतुकीतून हळूहळू घरी येऊन काढलेला प्लग मात्र केवळ शेवटच्या काही किलोमीटरांची कथा सांगतो, आणि ती बहुतेकदा काळीच असते.

निकेलचे प्लग फेरबदल केलेल्या टर्बो इंजिनात साधारणतः १५ ते २० हजार किलोमीटरनंतर बदलले जातात. विद्युदग्र झिजून फट दर काही हजार किलोमीटरमागे किंचित रुंदावते. त्यामुळे पूर्वी न अडखळणारी गाडी एखाद्या दिवशी शिखर दाबावर अडखळू लागल्यास कॉइल विकत घेण्यापूर्वी गेजने फट मोजून पाहिली जाते.